काळ कोण जोडतो?

राहुरी तालुक्यातलं देवळाली प्रवरा ज्या नदीचं नाव मिरवतं, ती प्रवरा पुढे नेवाशाला जाते. तिथे 1290 साली ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत उलगडली. दोन सैन्यांच्या मधोमध रथ उभा राहतो, 700 श्लोकांचा संवाद होतो आणि तोवर युद्ध खोळंबतं. ज्ञानेश्वरीत हाच खोळंबा सुमारे 9 हजार ओव्यांचा झाला. अकराव्या अध्यायात तर अजून जिवंत असलेले योद्धे विश्वरूपाच्या मुखात शिरताना अर्जुनाला दिसतात. क्षण ताणायचा, पुढचं आधी दाखवायचं! चित्रपट संकलकाची ही दोन्ही हत्यारं कीर्तन ऐकणाऱ्यांच्या ओळखीची होती.

दादासाहेब फाळक्यांनी काळ आवळून दाखवला. ‘राजा हरिश्चंद्र’च्या (1913) आधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेऱ्यासमोर ठेवून दिवसांमागून दिवस त्याचं थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर ते रोप बघता बघता वाढलं.

पण ती वाढ नेमकी होती कुठे? प्रत्येक चौकट स्थिर; एकीतही हालचाल नाही. योगसूत्रांवरचं व्यासभाष्य तिसऱ्या पादात हेच सांगतं: दोन क्षण कधी एकत्र नांदत नाहीत. क्षण खरा; मुहूर्त, दिवस, रात्र ही बुद्धीने केलेली जुळणी. मग संकलक प्रेक्षकाला फसवतो, हा आरोप अपुरा ठरतो. तो तुकडे शेजारी ठेवतो, त्यांचा काळ प्रेक्षकच करतो.

इथवर भाष्य पटतं. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (2014) हा चित्रपट मात्र त्याला अडवतो. लोकशाहीर नारायण कांबळेच्या खटल्यात तारखांवर तारखा पडतात. दोन तारखांमधला काळ प्रेक्षक एका कटमध्ये ओलांडतो. आरोपीला तो कोठडीत काढावा लागतो. काळ बुद्धीची जुळणी असेल, तर त्याचं ओझं एकाच माणसावर का?

ताम्हाणे यांचा कॅमेरा याचं उत्तर देत नाही, पण प्रेक्षकाला पळूही देत नाही. सुनावणी संपली तरी तो लगेच हलत नाही. उन्हाळी सुट्टी लागते, न्यायालयाचे दिवे एकेक मालवतात, पडदा काळा होतो आणि तसाच राहतो. चित्रपट संपला असं वाटत असतानाच पुढचं दृश्य येतं: न्यायाधीशांची कौटुंबिक सहल. कांबळेला मात्र जामीन नाकारलेला असतो.