उंबरठ्याबाहेरचा आशीर्वाद

गेल्या चैत्रात आमच्या शेजारच्या बिऱ्हाडी बारसे होते. पाळणा सजला होता, घुगऱ्या वाटून झाल्या होत्या, बायका पाळणा म्हणत होत्या. इतक्यात दारात टाळी वाजली. आपल्या गुजराती शेजाऱ्यांत ज्यांना आदराने ‘मासीबा’ म्हणतात, अशा तिघीजणी आल्या होत्या. यजमानांनी बाळ त्यांच्या हाती दिले. त्यांतील वयाने थोर होती तिने बाळाला मांडीवर घेतले, दृष्ट काढली, दोन ओळी गाइल्या आणि ‘शंभर वर्षांचा हो’ असा आशीर्वाद दिला. साडी, नारळ आणि ठरली ती रक्कम त्यांना मिळाली. घरातील आजीबाईंनी तर पदर पुढे घेऊन वाकून नमस्कार केला. सर्वांना समाधान वाटले.

जाताना एकीने पाणी मागितले. आतून पाणी आले ते कागदी पेल्यात आले. आम्ही आत बसलेली मंडळी तांब्या-फुलपात्राने पाणी पीत होतो. त्या वेळी हे कोणाच्या ध्यानात आले नाही, माझ्याही नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर तो कागदी पेला आठवला आणि झोप उडाली. ज्यांच्या आशीर्वादाने बाळाचे आयुष्य वाढते अशी आपली श्रद्धा, त्यांच्या ओठांचे भांडे मात्र आपल्याला घासायला नको! यजमान मंडळी मनाने वाईट मुळीच नाहीत. आपल्या मंदिराच्या प्रत्येक उत्सवात ती झटतात. म्हणूनच हा प्रश्न एका घरापुरता नाही.

सभासद बंधुभगिनींनो, प्रश्न असा आहे: एखाद्या मनुष्यास आपण पूज्य मानले म्हणजे त्यास समान मानले, असे होते काय? सामान्यतः आपली समजूत अशी असते की तिरस्काराच्या विरुद्ध आदर, आणि आदर दाखविला की कर्तव्य संपले. माझे म्हणणे असे की, माणसाला दूर ठेवण्याचे मार्ग दोन आहेत. एक त्यास हाकलून देण्याचा, दुसरा त्याच्या पाया पडण्याचा. तृतीयपंथी बंधुभगिनींच्या बाबतीत आपला समाज हे दोन्ही मार्ग एकाच दिवशी चोखाळतो. सकाळी बारशात नमस्कार करतो आणि सायंकाळी चौकात त्यांना पाहून गाडीची काच वर करतो.

आपल्या परंपरेत या विषयाला जागा नाही, असे कोणी म्हणू नये. घारापुरीच्या लेण्यांत अर्धनारीश्वराची मूर्ती आहे, तिच्यासमोर आपण हात जोडतो. पण मला त्याहून महाभारतातील विराटपर्वाची कथा अधिक बोलकी वाटते. अज्ञातवासात अर्जुन बृहन्नडा होऊन विराटाच्या दारी गेला, आणि राजाने आपली मुलगी उत्तरा हिला नृत्य-गायन शिकविण्यासाठी त्यास नेमले. म्हणजे राजकन्येचा गुरू म्हणून बृहन्नडा राजवाड्यात चालली. पुढे कौरवांनी गाई पळविल्या, राजपुत्र उत्तर बृहन्नडेला सारथी करून निघाला, आणि प्रत्यक्षात युद्ध जिंकले ते बृहन्नडेने. राजा विराट आनंदाने फासे खेळत बसला असता कंकाच्या वेषातील युधिष्ठिर म्हणाला की, सारथी बृहन्नडा असल्यावर विजय व्हायचाच. हे ऐकताच राजा खवळला. माझ्या मुलापुढे त्या षंढाची स्तुती करतोस काय, म्हणून त्याने हातातला फासा युधिष्ठिराच्या तोंडावर फेकून मारला. नाकातून रक्त वाहू लागले, आणि ते भूमीवर पडू नये म्हणून सैरंध्रीने सोन्याच्या पात्रात धरले.

या प्रसंगाकडे कीर्तनकार सहसा युधिष्ठिराच्या क्षमाशीलतेसाठी पाहतात. मला मात्र यात विराटाचा स्वभाव दिसतो, आणि विराटात आपला. अंतःपुरात शिकवायला बृहन्नडा चालते. तिची कला हवी असते. परंतु पराक्रमाचे श्रेय तिला देण्याची वेळ आली की राजा फासा फेकतो. नेमून दिलेल्या जागी असेपर्यंत ती गुणी; ती जागा सोडून भर सभेत तिचे नाव निघाले की अपमान!

शिखंडीची गोष्ट याहून करुण आहे. द्रुपदाने कन्या म्हणून जन्मलेल्या अपत्याला पुत्र म्हणून वाढविले, लेखन आणि कला शिकविल्या, धनुर्विद्येसाठी द्रोणांकडे पाठविले. शिक्षणात काही उणे ठेवले नाही. परंतु लग्न झाल्यावर गुपित फुटले, सासरा सैन्य घेऊन चालून येणार असे दिसू लागले, आणि आपल्यामुळे आईबाप संकटात पडले या दुःखाने ते लेकरू घर सोडून प्राण द्यायला अरण्यात गेले. तेथे यक्ष भेटला म्हणून पुढची कथा घडली. आजच्या मुलांना अरण्यात यक्ष भेटत नाही. त्यांना रेल्वेचे फलाट भेटतात.

येथे मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी तीस-पस्तीस वर्षे शिक्षकी केली. शाळेचे नाव सांगत नाही, कारण दोष माझा आहे. सातवीच्या वर्गात एक विद्यार्थी होता. अक्षर मोत्यासारखे, फळ्यावरचा सुविचार लिहिण्याचे काम मी त्यालाच देत असे. चालणे-बोलणे मुलींसारखे होते, म्हणून इतर मुले त्याला नको त्या नावाने हाक मारीत. मुतारीत गेला की त्रास देत, म्हणून तो दिवसभर पाणी पीत नसे, हे मला पुष्कळ उशिरा कळले. एके दिवशी मी त्याला जवळ बोलावले आणि प्रेमानेच म्हणालो, “अरे, जरा मुलासारखा चालत जा, म्हणजे कोणी काही म्हणणार नाही.” त्याने मान हलविली. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो परत आला नाही. नियमाप्रमाणे काही दिवस वाट पाहून मी हजेरीपटावर ‘सतत गैरहजर’ असा शेरा मारला आणि तांबड्या शाईने नाव कमी केले. त्याचा दाखला न्यायलाही कोणी आले नाही.

त्या वेळी मला वाटत होते की मी त्याला वाचवीत आहे. आज कळते की वर्गातील चाळीस मुलांना एक शब्द न बोलता मी एकट्या त्यालाच बदलायला सांगितले होते. अन्याय करणारे चाळीस आणि सुधारायचे एकाने, हा कोठला न्याय? पुढे निवृत्तीच्या समारंभात माझा सत्कार झाला, ‘विद्यार्थिप्रिय शिक्षक’ म्हणून. असो.

आता थोडे आपल्या भागाविषयी. २०११ च्या जनगणनेत ज्यांना आपली नोंद स्त्री किंवा पुरुष अशी करावयाची नव्हती, त्यांची ‘इतर’ अशी नोंद होऊन देशभर ४,८७,८०३ जणांची गणना झाली. महाराष्ट्रात ही संख्या ४०,८९१ होती. आपल्या दादरा व नगरहवेलीत ती होती अवघी ४३. तीन लाख त्रेचाळीस हजारांच्या वस्तीत त्रेचाळीस! यांतील २२ जण अनुसूचित जमातींचे, म्हणजे आपल्या वारली, धोडिया, कोकणा, दुबळा अशा घरांतले होते. ‘आमच्या खेड्यांत हे नसते, हे मुंबईचे खूळ आहे,’ असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा दोनदा वाचावा.

माझे लक्ष मात्र दुसऱ्याच एका आकड्याने वेधले. या ४३ पैकी ५ जण सहा वर्षांपर्यंतची बालके होती. जनगणनेत नोंद घरातील मोठ्यांच्या सांगण्यावरून होते. म्हणजे आपल्या या लहानशा प्रदेशात, कदाचित खडोलीच्या आसपासही, कोणा माता-पित्याने दारी आलेल्या गणकाला आपल्या तान्ह्या वा रांगत्या लेकराविषयी ‘मुलगाही नाही, मुलगीही नाही’ असे सांगितले असले पाहिजे. नोंदणीत क्वचित चूक होते हे मान्य. तरी एखादी नोंद खरी धरली तरी पुरे. ती मुले आता किशोर वयात किंवा तारुण्याच्या उंबरठ्यावर असतील. ती शाळेत टिकली काय? हजेरीपटावर त्यांचे नाव आहे काय, की कोणा माझ्यासारख्याने तांबड्या शाईने कमी केले?

उरलेल्या ३८ पैकी २८ जण साक्षर होते. देशभर या समूहातील साक्षरता सुमारे ५६ टक्के असताना आपला आकडा बरा म्हणावा लागेल. परंतु साक्षर म्हणजे वाचता-लिहिता येणारा. शाळा कोणत्या इयत्तेत सुटली आणि का सुटली, हे त्या रकान्यात लिहिलेले नसते.

कायद्याने आपले काम बरेच केले आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा जो कायदा केला, त्यात या लोकांची नावे पोलिसांच्या वहीत लिहिण्याची तरतूद होती; त्यांच्याकडे जन्मतः संशयाने पाहण्याची सवय पुष्कळ अंशी तेथून लागली. आपली नगरहवेली १९५४ पर्यंत पोर्तुगीजांकडे असल्याने तो कायदा येथे आला नाही, सवय मात्र आली. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हे नागरिक तृतीय लिंगाचे म्हणून ओळखले जावेत आणि शिक्षणात व नोकरीत त्यांना मागासवर्गीयांप्रमाणे सवलती मिळाव्यात. या खटल्यात बाजू मांडणाऱ्यांत ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी होत्या. त्या महाविद्यालयात शिकलेल्या. आपले म्हणणे न्यायालयापर्यंत नेण्याचे बळ त्यांना शिक्षणाने दिले, हे विसरू नये. २०१९ साली संसदेने स्वतंत्र कायदा केला आणि तो १० जानेवारी २०२० पासून अमलात आला. शाळा-महाविद्यालयांनी भेदभाव न करता शिकवावे असे त्यात म्हटले होते. २०२० मध्येच आपल्यापासून फार दूर नसलेल्या बडोद्यास निराधार तृतीयपंथी व्यक्तींसाठी ‘गरिमा गृह’ सुरू झाले. २०२२ च्या ‘स्माइल’ योजनेत नववीपासून पुढच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती ठेवण्यात आली.

मग उरले काय? जे सरकारला करता येत नाही ते. २०१७ साली केरळात कोची मेट्रो सुरू होताना २३ तृतीयपंथी व्यक्तींना नोकऱ्या दिल्या गेल्या. देशभर कौतुक झाले. पण थोड्याच दिवसांत त्यांतील आठजणांनी काम सोडले. का? शहरात त्यांना कोणी भाड्याने खोली देईना! कामावर हुद्दा आणि गणवेश, पण रात्री डोके टेकायला छप्पर नाही. नोकरी शासनाने दिली आणि ती हिरावून घेतली तुमच्या-माझ्यासारख्या सभ्य घरमालकांनी. खडोली-सिल्वासा भागात कारखाने पुष्कळ आहेत, खोल्या भाड्याने देणारेही पुष्कळ आहेत; त्यांपैकी कित्येक या पत्रिकेचे वाचक आहेत.

याउलट मुंबईच्या गौरी सावंत यांचे पाहा. पुण्यात जन्मलेल्या गौरीताईंनी लहान वयात घर सोडले, पुढे ‘सखी चारचौघी’ संस्था उभारली, आणि देहविक्रय करणाऱ्या एका स्त्रीच्या मृत्यूनंतर तिच्या मुलीला आपली मुलगी म्हणून वाढविले. ज्यांच्यावर ‘संसार मोडणारे’ म्हणून ठपका ठेवला जातो, त्यांच्यापैकी एकीने परक्या लेकराचा संसार उभा केला. आशीर्वाद द्यायला आलेल्या हातांनी मूल वाढविताही येते, हे आपण कधी मनात तरी आणले होते काय?

काही सभासद म्हणतील, हे त्यांच्या पूर्वकर्माचे फळ आहे, आपण काय करणार? कर्मसिद्धान्तावर माझीही श्रद्धा आहे. परंतु तो सिद्धान्त मला माझे कर्म सांगतो. दुसऱ्याची शिक्षा अमलात आणण्याचा अधिकार देत नाही. शेजाऱ्याचे घर जळत असताना ‘त्याचे प्रारब्ध’ म्हणून हात बांधून बसणाऱ्याच्या खाती काय जमा होते, याचाही विचार त्याच शास्त्राने करावयाचा असतो. दुसरे म्हणतील, गाडीत आणि चौकात ही मंडळी पैशासाठी अंगावर येतात, शिव्या देतात. हे खोटे नाही. मलाही तसा अनुभव आला आहे आणि तो सुखद नव्हता. पण ज्याला शाळेतून, दुकानातून, खोलीतून सर्वांनी घालविले, त्याच्या हाती टाळी तेवढी उरली. आता ती टाळी फार मोठ्याने वाजते अशी तक्रार करणारे आपणच. तिसरी शंका मुलांवर वाईट परिणाम होईल अशी. माझ्या वर्गातील त्या चाळीस मुलांवर त्या एका मुलाचा कोणताही वाईट परिणाम झालेला मला आठवत नाही. त्यांनी त्याच्यावर केलेला आठवतो.

आता एका लहानशा कामाविषयी लिहून थांबतो. दर वर्षी जूनमध्ये आपल्या मंदिरातर्फे गरजू विद्यार्थ्यांना वह्या-पुस्तके व फीची मदत दिली जाते. त्याच्या अर्जात ‘मुलगा / मुलगी’ एवढेच छापलेले आहे आणि पालकांची सही आवश्यक आहे. घरातून निघालेल्या किंवा घराने नाकारलेल्या मुलाला हा अर्ज भरताच येणार नाही. येत्या कार्यकारिणीच्या बैठकीत मी दोन दुरुस्त्या मांडणार आहे: त्या ओळीत तिसरा रकाना घालावा, आणि पालकांऐवजी शाळेच्या मुख्याध्यापकांची वा मंदिराच्या एखाद्या सभासदाची सही चालावी. अर्ज तपासण्याचे काम माझ्याकडे द्यावे, अशीही विनंती करणार आहे. बारशाच्या त्या घरच्या यजमानांशी माझे या विषयावर बोलणे झाले. ते काही वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “बैठकीला मीही येतो.” कोणा सभासदास या दुरुस्त्यांस हरकत असल्यास त्यांनी ती बैठकीपूर्वी लेखी कळवावी, तिचे उत्तर देण्याची माझी तयारी आहे.