मूल सांभाळणें हें काम आहे काय?

रोजगार हमीच्या कामावर माती उपसणाऱ्या बाईस मजुरी मिळते. पण तिचें मूल झाडाखालीं सांभाळीत बसणारी कांहींच करीत नाहीं, असें पुष्कळांस वाटतें. हें खरें काय?

२००५ सालच्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्यांत ह्याचें उत्तर होतें. कामावरील स्त्रियांबरोबर सहा वर्षांखालील पांच किंवा अधिक मुलें असल्यास त्यांच्याकडे पाहण्यास एका बाईस नेमावें, व तिलाही मजुरी द्यावी. म्हणजे कुदळ आणि पाळणा ह्यांचें मोल एकच ठरलें.

अंगणवाडीची गोष्ट निराळी. ताराबाई मोडक ह्यांनीं १९४५ सालीं बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचें काम आरंभिलें, व जीं मुलें शाळेंत येत नसत त्यांच्या अंगणांत शाळा नेली. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सुरू झालेल्या सरकारी बालविकास योजनेच्या केंद्रांसही अंगणवाडी हेंच नांव पडलें. तेथें सेविका मुलांचें वजन करते, त्यांस शिकविते, आहार देते. परंतु तिला मिळतें तें वेतन नव्हे, मानधन. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हें सर्वोच्च न्यायालयास २०२२ सालीं सांगावें लागलें.

कोणी म्हणेल, आईबापांचें कर्तव्य सरकारनें कां उचलावें? वाचकहो, विहीर गांवाची असली म्हणून घरीं पाणी भरण्याचें कर्तव्य संपत नाहीं. मूल आईचें तसें गांवाचेंही आहे. ज्या हातांवर विसंबून आपण शेतावर जातों, त्यांस मान पुढें करून दाम मागें ठेवणें हा न्याय नव्हे.