सार्वजनिक कशास म्हणावे?

एखादी वस्तू सार्वजनिक केव्हा होते? सर्वांच्या पैशाने ती बांधली म्हणून, की तिच्यावर तशी पाटी लावली म्हणून? प्रश्न जुना आहे. पण आज तो नव्या रूपाने आमच्यासमोर उभा आहे.

नागरिकाची ओळख पटविणे, एका खात्यातील माहिती दुसऱ्या खात्यास पोचविणे, ही राज्यकारभाराची कामे आता संगणकाच्या द्वारे चालतात, आणि त्यासाठी उभारलेली यंत्रणा एक राष्ट्र दुसऱ्या राष्ट्रास देऊ लागले आहे. एस्टोनियाने २००१ साली ‘एक्स-रोड’ नावाची व्यवस्था सुरू केली. तीत सारी माहिती एका कोठारात साठवीत नाहीत. प्रत्येक खाते आपली माहिती आपल्यापाशी ठेवते आणि मागणी आली की हवी तेवढीच सुरक्षित मार्गाने पाठविते. शेजारच्या फिनलंडनेही ती स्वीकारली. २०१७ साली उभय राष्ट्रांनी तिच्या जोपासनेसाठी टॅलिन येथे सामायिक संस्था स्थापिली, आणि २०१८ साली दोहोंचे मार्ग परस्परांस जोडले गेले. त्याच वर्षी बंगळूरच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेत ‘मोसिप’ ही ओळख-प्रणाली आकारास येऊ लागली. पुढे फिलिपाईन्स व मोरोक्को यांनी ती घेतली. तिची मूळ संहिता कोणासही विनामूल्य घेता येते व आपल्या गरजेप्रमाणे बदलता येते.

या उपक्रमाचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. निर्धन राष्ट्राने एखाद्या परकीय कंपनीच्या दाराशी कायमचे बांधून राहावे, यापेक्षा विद्येची ही देवघेव शतपट बरी. मात्र संहिता खुली झाली एवढ्याने सेवा सार्वजनिक झाली, हे आम्हांस मान्य नाही.

महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास येथे आठवतो. १९२४ साली तेथील नगरपालिकेने ते तळे अस्पृश्य मानलेल्यांस खुले करण्याचा ठराव केला. पण सवर्णांच्या विरोधामुळे ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह तेथे जाऊन पाणी प्याले, आणि उच्च न्यायालयाचा निवाडा व्हावयास १९३७ साल उजाडले. तळे सार्वजनिक ठरले ते ठरावाने नव्हे. ज्यांना अडविले होते त्यांनी आपला हक्क बजावला व तो न्यायालयात टिकला, तेव्हा.

आता आपल्याच घरचे उदाहरण घ्या. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी पहिले आधार क्रमांक दिले गेले. त्यानंतर असंख्य लोकांची सोय झाली, यात संशय नाही. परंतु आयुष्यभर मोलमजुरी करून ज्याच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्याचा ठसा रेशन दुकानातील यंत्रास पुष्कळदा ओळखता येत नाही. दुकानदार यंत्राकडे बोट दाखवितो, आणि यंत्राशी वाद घालता येत नाही. महाडात अडविणारा समोर उभा होता; येथे तो दिसतच नाही. कोणाचा दुष्ट हेतू नसतानाही माणूस धान्यावाचून परततो, आणि त्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नसते.

एस्टोनियात आपली माहिती कोणत्या खात्याने केव्हा पाहिली, हे नागरिकास तपासता येते. हे केवळ संहितेचे काम नव्हे. तिच्यामागे कायदा आहे, आणि उत्तर देण्यास बांधलेला अधिकारी आहे. संहिता क्षणात समुद्रापार जाते. हे उत्तरदायित्व मात्र प्रत्येक समाजाला आपल्याच भूमीत रुजवावे लागते.

म्हणून देणाऱ्याचे कर्तव्य यंत्र देऊन संपत नाही. आपल्याकडे कोण अडले, कोणाला रिकाम्या हाताने परतावे लागले, हेही त्याने न लपविता सांगितले पाहिजे. घेणाऱ्यानेही यंत्र बसविण्यापूर्वी तक्रारीची खिडकी उघडावी आणि तेथे निर्णय देऊ शकणारा माणूस बसवावा. अमुक इतक्या राष्ट्रांनी प्रणाली स्वीकारली, हा आकडा आम्हांस पुरेसा वाटत नाही. ज्याचा ठसा जुळला नाही, तो त्या दिवशी धान्य घेऊन घरी गेला काय, हे आधी विचारावे.