मागून येणाऱ्यांचा वाटा

सातव्या शतकात अरब फौजांनी इराक जिंकला आणि दजला-फुरात नद्यांच्या काठची सुपीक जमीन त्यांच्या हाती आली. लढलो आम्ही, तेव्हा जमीन आमच्यात वाटा, असे सैनिकांचे म्हणणे. पैगंबरांचे जुने सहकारी बिलालही त्यांच्याच बाजूचे. खलिफा उमर मात्र अडून बसले. आज सगळे वाटले तर उद्याच्यांना काय उरणार? त्यांनी कुराणातल्या हश्र सूरेचा आधार घेतला. तिथे हक्कदारांमध्ये मागून येणाऱ्यांचाही उल्लेख आहे. जमीन कसणाऱ्यांकडेच राहिली, तिच्यावर खराज हा जमीनकर बसला. आठव्या शतकात अबू युसूफ यांनी हा वाद ‘किताब अल-खराज’मध्ये नोंदवून ठेवला.

जमिनीखालचे धन कोणाचे, याचाही खल इस्लामी धर्मशास्त्रज्ञांनी पुष्कळ केला. खाण खासगी जमिनीत असली तरी ती राज्याची, असे मालिकी पंथातले प्रचलित मत. हनफी मतानुसार काही धातूंचा पाचवा हिस्सा राज्याला. पण हे सारे वाटे जिवंत माणसांमधले. १९३८ मध्ये सौदी अरेबियात दम्मामच्या सातव्या विहिरीला भरपूर तेल लागले, तेव्हा उमर यांचा पेच आणखी अवघड होऊन परत आला. इराकची जमीन दरसाल पिकत होती. तेल एकदाच निघते. मग त्याचा पैसा हे उत्पन्न, की मोडलेले मुद्दल?

सौदी अरेबियाने तर एक मुद्दल मोडून दुसरे मोडायला घेतले. १९८० च्या दशकात सरकार जागतिक भावाच्या कितीतरी पट दराने शेतकऱ्यांकडून गहू घेऊ लागले. वाळवंटात गोल हिरवी शेते उमटली. १९९२ च्या सुमारास पीक ४० लाख टनांच्या आसपास गेले आणि वाळूचा हा देश गहू निर्यात करत होता! त्यासाठी उपसलेले पाणी हजारो वर्षांपूर्वीच्या पावसाचे, खडकांत मुरलेले. आजच्या पावसाने ते भरून निघत नाही. अरब देशांनी केलेल्या १९७३ च्या तेलबंदीनंतर कुणी उलट आपले धान्य अडवेल, ही रियाधची धास्ती काही खोटी नव्हती. तरी २००८ मध्ये सरकारने माघार घ्यायचे ठरवले आणि २०१६ पर्यंत गव्हाची ही खरेदी थांबली.

कुवेतने आधीच ठेच खाल्ली होती. तिथले मोती मुंबईच्या बाजारात येत; जपानचे संवर्धित मोती आले आणि १९३० च्या सुमारास तो धंदा बसला. १९७६ मध्ये कुवेतने कायदाच केला: राज्याच्या उत्पन्नातले १० टक्के दरवर्षी भावी पिढ्यांच्या निधीत. वक्फ या इस्लामी दानप्रकारात मूळ मालमत्ता राखून तिचे फळ वापरता येते; इथे परतावाही निधीतच ठेवायचा. १९९० च्या इराकी आक्रमणानंतर या गंगाजळीला हात लागला, पण तेव्हा देशच हातचा गेला होता. उमर यांनीही त्याला हरकत घेतली नसती.

२०२० मध्ये तेलाचे भाव कोसळले. तुटीच्या वर्षी १० टक्के भरण्याची सक्ती नको, असे कुवेतच्या संसदेने ठरवले. सरकारी पगार आणि अनुदाने कापण्यापेक्षा हे सोपे होते. ज्यांचा वाटा गेला, त्यांच्यातले कुणीच तक्रार करायला जन्मलेले नव्हते.