लाल दिवा

शास्त्रभाग : मत्तय ५:२३-२४



ज्या मोटारगाडीत निजण्याची व रांधण्याची सोय असते तिला कॅम्पर व्हॅन म्हणतात. जर्मनीतील वेस्टफालिया कंपनी १९५१ सालापासून फोक्सवॅगन गाड्यांत अशी फिरती घरे बांधू लागली. त्यांपैकी १९७० सालच्या, १६०० घनसेंटिमीटर इंजिनाच्या गाड्या हौशी लोकांनी आजही चालत्या ठेवल्या आहेत. त्यांतील बिघाड शोधण्याची जी रीत आहे, तिच्यात आपणांसाठी एक बोध आहे.

या गाडीचे इंजिन मागे असते; चालकाला ते दिसत नाही. ते पाण्याने नव्हे, तर वाऱ्याने थंड राहते. इंजिनावरील एक पट्टा जनरेटर फिरवतो आणि जनरेटरच्याच दांड्यावर वारा घालणारा पंखा बसवलेला असतो. इंजिन किती तापले हे दाखवणारा काटा चालकासमोर नसतो. जनरेटरचा लहानसा लाल दिवा तेवढा असतो. धावत्या गाडीत तो लागला की अजाण मनुष्य म्हणतो, "बॅटरी भरत नसेल, घरी पोचल्यावर पाहू." परंतु पट्टा तुटला असेल तर पंखाही थांबलेला असतो. बॅटरी काही काळ तग धरील. इंजिन धरणार नाही. म्हणून जाणता चालक तत्काळ रस्त्याच्या कडेला थांबतो आणि प्रथम पट्टा पाहतो.

काही वर्षांपूर्वी भाषांतर समितीत एका शब्दावरून एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांशी माझा वाद झाला. त्या शब्दाविषयी माझे मत आजही तेच आहे. परंतु चारचौघांत मी त्यांना जे बोललो ते अपमानाचे होते. त्यानंतर माझी प्रार्थना कोरडी पडली. मी थकव्याला दोष दिला, प्रार्थनेची वेळ बदलली, मननाचे पुस्तक बदलले. काम चालूच होते, उपदेशही चालूच होते. कोणाच्या काही लक्षात आले नाही. बॅटरी अजून भरलेली होती!

पुढे मत्तयाच्या पाचव्या अध्यायाचा मसुदा तपासण्याची पाळी माझ्यावर आली. प्रभू तेथे असे विचारत नाही की, तुझ्या मनात भावाविषयी काही आहे काय? भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे काय, असा तो प्रश्न आहे. कोण बरोबर, याचा तेथे उल्लेखही नाही. शिवाय प्रभूचे श्रोते बहुतांशी गालीलातले, आणि वेदी यरुशलेमात. पायी सुमारे तीन दिवसांची वाट. एवढे चालून आलेल्या मनुष्याला तो सांगतो की, अर्पण तेथेच राहू दे, आधी परत जा. उपासना मध्येच थांबवण्याची आज्ञा देणारा हा किती विलक्षण प्रभू!

मी लेखणी खाली ठेवली. त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्यांनी आत चहा सांगितला. चहा येईपर्यंत आम्ही दोघेही काही बोललो नाही. मग ते हळूच म्हणाले, "आता प्रार्थना करू या." कित्येक महिन्यांनंतर त्या रात्री माझ्या ओठांवर प्रार्थना आपोआप आली.

आणखी एक गोष्ट. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, तो लाल दिवा लागलाच पाहिजे. न लागला तर चालकाने निश्चिंत होऊ नये; दिवाच जळून गेला असण्याचा संभव असतो. पौल ज्या डागलेल्या विवेकबुद्धीविषयी तीमथ्याला लिहितो (१ तीमथ्य ४:२), तिची दशा अशीच असते. तिला काहीच टोचत नाही, आणि ती त्यालाच शांती समजते.

प्रिय वाचका, तुझ्या अंतःकरणात आज तो दिवा लागला आहे काय? मग घरी पोचण्याची वाट पाहू नको. कोणाचे तरी दार तुझी वाट पाहत आहे.

प्रार्थना : हे प्रभो, आमची विवेकबुद्धी जागी ठेव, आणि थांबण्याचे धैर्य आम्हांला दे. आमेन.