दह्याचं पाप कुणाच्या नावे?

थंडीत आम्ही अलिबागकर पोपटी लावतो. यंदा इस्रायलहून आलेला माझा बेने इस्रायली शाळूसोबती म्हणाला, "शिगा भाजू. अमेरिकेतल्या रूबेन सँडविचच्या धर्तीवर." म्हणजे खारवलेलं गोमांस, आंबवलेला कोबी आणि चीज. १९७६च्या कायद्यानं गाय गेली, २०१५ साली बैलही गेला. चीज त्याच्या धर्मानं बाद. मांसाला दूध लागता कामा नये. उरला कोबी!

शेवटी तो आपल्या रीतीनं कापलेली कोंबडी घेऊन आला. शिगा निखाऱ्यावर चरचरायला लागल्या, तेव्हा सौ. कानात पुटपुटली, "मऊ व्हावी म्हणून दही चोळलंय हो!"

झाली पंचाईत. बँकेत चुकीची नोंद उलटवता येते. इथं न कळता खाल्लेलं पाप कुणाच्या नावे टाकायचं? त्याच्या, हिच्या, की कळूनही गप्प बसणाऱ्या माझ्या? बोलावं तर हिचा चेहरा उतरणार. पण याचे पूर्वज शनवार तेली. कुणी बघो न बघो, शनिवारी घाणा बंद.

सांगून टाकलं. त्यानं शीग खाली ठेवली. "वहिनी, वालाच्या शेंगा आहेत ना?"

त्यानं शेंगा नि कोबी खाल्ला. कोंबडी आम्ही खाल्ली. दह्यानं खरंच मऊ झाली होती.