उताऱ्यावरून विष

रुग्णाला औषध बाधलं, हे रुग्णालयाला कळतं कसं? डॉक्टर, नर्स तशी नोंद करतात म्हणून, असं आपण धरून चालतो. बहुतेकदा ती नोंद होतच नाही, आणि त्यामागे लपवाछपवीच असते असं नाही. मॉर्फिन जास्त झालं, श्वास मंदावला, उतारा म्हणून नॅलॉक्सोन टोचलं, रुग्ण भानावर आला. तोवर शेजारच्या खाटेवरून हाक येते. निस्तरलेल्या गोष्टीचा कागद कोण रंगवत बसणार?

पण नॅलॉक्सोन मागवल्याची नोंद तर झालेलीच असते. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या एलडीएस रुग्णालयातल्या डेव्हिड क्लासन आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच हेरलं. तिथल्या ‘हेल्प’ या संगणकप्रणालीला त्यांनी विषाऐवजी उतारा शोधायला लावला. नॅलॉक्सोन कोणाला दिलं? वॉरफॅरिनने रक्त फार पातळ झालं की देतात ते के जीवनसत्त्व कोणाला? अंगाला खाज सुटल्यावरचं डायफेनहायड्रामिन कोणाला? जोडीला रक्तातली औषधाची वाढलेली पातळी, घटलेल्या पांढऱ्या पेशी. १९९१मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले : १८ महिने, ३६,६५३ रुग्ण, औषधबाधेच्या ७३१ घटना. त्यांपैकी माणसांनी आपणहून कळवलेल्या फक्त ९२.

यात संगणकाची हुशारी फारशी नाही, हे मला विशेष वाटतं. तो नुसता संशय घ्यायचा. डायफेनहायड्रामिन झोपेसाठीही देतात. के जीवनसत्त्व यकृताच्या रुग्णालाही लागतं. म्हणून औषधतज्ज्ञ रुग्णाचे कागद तपासायचा आणि मगच बाधा झाली की नाही ते ठरायचं.

अर्थात उतारा दिसेपर्यंत विष भिनलेलं असतं. मग संगणकाला आणखी अलीकडे, औषध लिहिण्याच्या क्षणाशी आणून बसवलं. मूत्रपिंड मंदावलंय, जेंटामायसिनचा डोस बघा. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे, थांबा. कल्पना रास्तच. फक्त मधला तो चाळणी लावणारा औषधतज्ज्ञ बऱ्याच ठिकाणी गळला, आणि प्रत्येक संशय थेट डॉक्टरच्या पडद्यावर आदळू लागला. ‘लांडगा आला रे आला’ची गोष्ट ठाऊक असलेल्यांना पुढचं सांगायला नको. २००६मध्ये अशा सूचनांवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा डॉक्टर औषधसुरक्षेच्या ४९ ते ९६ टक्के सूचना बाजूला सारतात असं दिसलं. त्यांतल्या कित्येक खरोखरच बिनकामाच्या असतात. पण कामाची सूचनाही त्याच चौकटीत, त्याच रंगात येते, आणि बोट सवयीने त्याच बटणावर पडतं.